१२३४५६७८९८७६५४३२१: एक मोठी संख्या वही-पेन घेऊन कशी तपासायची

ही सतरा अंकी संख्या एकापासून नवापर्यंत चढते, तशीच परत एकापर्यंत उतरते, आणि उजवीकडून वाचली तरी तीच राहते. बघताक्षणी आवडते. पण संख्या आवडणं वेगळं आणि ती कळणं वेगळं. तिला किती विभाजक आहेत, ती वर्गसंख्या आहे का, तिचे मूळ अवयव कोणते, हे सगळं दहावीपर्यंतच्या गणिताच्या जोरावर कागदावर शोधता येतं. एक संध्याकाळ, चौकटींची वही आणि थोडा धीर एवढं पुरे. इथे ही एक संख्या शेवटापर्यंत नेऊ. तीच पद्धत पुढे तुम्हाला दुसऱ्या संख्यांना लावता येईल.

सुरुवातीलाच एक भेद पक्का करून ठेवा, कारण नवख्या माणसाची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. काही गुण संख्येचे स्वतःचे असतात आणि काही तिच्या लिखाणाचे. दोन्हीकडून सारखी वाचली जाणं, अंकांची बेरीज, अंकांचा चढउतार हे सगळं आपण दहाच्या पायावर, म्हणजे एकक-दशक-शतक असं दहाच्या पटींत, लिहितो म्हणून दिसतं. पाया बदलला की ते अंगरख्यासारखं उतरतं. मूळ अवयव, विभाजक, वर्ग असणं हे मात्र कुठल्याही पायावर लिहा, जागचं हलत नाही. वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे ‘लिखाणाचे गुण’, उजवीकडे ‘संख्येचे गुण’. प्रत्येक पायरीनंतर मिळालेली गोष्ट कुठल्या रकान्यात जाते ते ठरवूनच पुढे जा.

पायरी १: नीट उतरवा, नीट वाचा

मोठ्या संख्येत पहिली चूक होते ती उतरवून घेताना. म्हणून लिहितानाच स्वल्पविराम टाका: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. उजवीकडून तीन अंक, मग दोन-दोन. शेवटचे सात अंक वेगळे काढले तर वाचणं सोपं जातं: १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटीवर कोटी ऐकायला विचित्र वाटतं, पण अर्थ चोख लागतो. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत, सहस्र अशी दहा-दहा पटींनी वाढणारी अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या यादीत अर्बुद म्हणजे एकावर आठ शून्यं, मध्य म्हणजे एकावर सोळा शून्यं आणि शेवटचं परार्ध. आपल्या संख्येतला मधला ९ अर्बुदाच्या स्थानावर बसतो आणि पहिला १ मध्याच्या. म्हणजे सतरा अंकी असूनही ही संख्या लीलावतीच्या यादीत मावते, वर एक स्थान शिल्लक राहतं.

आता यंत्रांबद्दल एक इशारा. ही संख्या एक्सेलच्या चौकटीत टाकून पाहा. एक्सेल पहिले पंधरा अंकच जपतं, त्यामुळे शेवटच्या २१ च्या जागी ०० येतात: १२३४५६७८९८७६५४३००. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत साध्या पद्धतीने लिहिली तर ती ३२० वर संपते. तिथे संख्येसाठी ठरावीक जागा असते आणि ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे दोनाचा त्रेपन्नावा घात, ओलांडला की एकाआड एक संख्या गळायला लागतात. आपली संख्या त्या सीमेच्या पलीकडची आणि वर विषम, म्हणून ती नेमकी गळते. अवयव शोधणाऱ्याला हे महागात पडतं, कारण शेवटचा एक अंक बदलला की संख्याच दुसरी झाली. पडताळणीला यंत्र हवंच असेल तर पायथन ही संगणकभाषा वापरा. तिथे पूर्णांक कितीही लांब असला तरी पूर्ण राहतो.

पायरी २: विभाज्यतेच्या कसोट्या

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ लगेच बाद. मग अंकांची बेरीज: एक ते आठ दोनदा आणि मध्ये नऊ, म्हणजे ३६ + ९ + ३६ = ८१. बेरजेला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो.

इथे घाई करू नका. बेरीज ८१ आली म्हणून संख्येला ८१ ने भाग जाईलच, असं नाही. १८९९ घ्या. अंकांची बेरीज २७, पण १८९९ ला २७ ने भाग जात नाही. ही कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी आहे, कारण १०, १००, १००० यांना ९ ने भागल्यावर बाकी १ राहते. २७ किंवा ८१ ने भागल्यावर तसं होत नाही. म्हणून प्रत्यक्ष भागाकार करा. ९ ने एकदा भागल्यावर १३७१७४२१०९७३९३६९ मिळतात. याच्या अंकांची बेरीज ७२, म्हणून पुन्हा ९ ने भाग जातो आणि १५२४१५७८९९७१०४१ उरतात. याची बेरीज ६४. आता ३ ने भाग जात नाही. म्हणजे आपल्या संख्येत ३ चार वेळा आहे, कमी नाही, जास्त नाही. उजव्या रकान्यात पहिली नोंद करा: ३⁴.

पुढची कसोटी शाळेत सहसा सांगत नाहीत, पण मोठ्या संख्येसाठी हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा:

१२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१

सगळे गट सरळ बेरजेने मिळवा: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. हजाराला ९९९ ने भागल्यावर बाकी १ राहते, म्हणून ही बेरीज आणि मूळ संख्या यांची ९९९ ने भागल्यावरची बाकी सारखीच. २९९७ म्हणजे ३ × ९९९. पूर्ण भाग गेला! आणि ९९९ = २७ × ३७, म्हणजे ३७ हा अवयव हाती लागला.

तेच गट आता एकाआड एक अधिक-उणे करा. ३२१ + ९८७ + ३४५ = १६५३, आणि ६५४ + ६७८ + १२ = १३४४. फरक ३०९. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे या एका फरकातून तीन उत्तरं मिळतात: ३०९ ला ७ ने भागल्यावर बाकी १, ११ ने भागल्यावर बाकी १, १३ ने भागल्यावर बाकी १०. तिन्ही मूळ संख्या बाद. एका मांडणीत ३७, ७, ११ आणि १३ यांचा निकाल लागतो, म्हणून मी कुठल्याही मोठ्या संख्येवर पहिल्यांदा हीच कसोटी लावतो.

पायरी ३: ही वर्गसंख्या आहे का?

आधी स्वस्तातल्या चाचण्या. वर्गाचा एककाचा अंक ०, १, ४, ५, ६, ९ यांपैकीच असतो. आपला १ चालतो. विषम वर्गाला ८ ने भागल्यावर बाकी १ च राहते. ३२१ ला ८ ने भागलं तर बाकी १, चालतं. वर्गाला ७ ने भागल्यावर बाकी ०, १, २ किंवा ४ येते. आपली १ आली होती. या चाचण्या नकार देऊ शकतात, होकार देऊ शकत नाहीत. होकारासाठी वर्गमूळच काढावं लागतं.

भागाकार पद्धतीने काढा. ही पद्धत आता शाळांमधून मागे पडत चालली आहे याचं मला वाईट वाटतं, कारण या संख्येवर ती चालताना बघणं हा फार मोठा आनंद आहे. उजवीकडून दोन-दोनच्या जोड्या पाडा: १ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१. नऊ गट, म्हणून वर्गमूळ नऊ अंकी.

पहिल्या गटातून १ × १ वजा केला, बाकी ०, वर्गमूळाचा पहिला अंक १. पुढची जोडी खाली उतरवा: २३. आतापर्यंतच्या वर्गमूळाची दुप्पट २, तिच्यापुढे १ लावून २१, गुणिले १; २३ − २१ = २. पुढची जोडी: २४५. आता वर्गमूळ ११, दुप्पट २२, पुढे १ लावून २२१; २४५ − २२१ = २४. असंच पुढे:

२४६७ − २२२१ = २४६
२४६८९ − २२२२१ = २४६८
२४६८८७ − २२२२२१ = २४६६६
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०

प्रत्येक वेळी अंक १ च येतो. शेवटी बाकी शून्य. वर्गमूळ १११११११११, म्हणजे नऊ एकं. एकदा हाताने करा. भाजकात दोनांची रांग वाढत जाते आणि बाकीत २४६८ उमलून पुन्हा २२२२२२२ मध्ये विरतं, ते नुसतं वाचून नीट जाणवत नाही.

असं का होतं, ते उभ्या मांडणीत दिसतं. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ नऊ एकांची, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. एकक स्थानाच्या रकान्यात एकच १, दशकाच्या रकान्यात दोन, शतकाच्या रकान्यात तीन, मधल्या रकान्यात नऊ, मग पुन्हा कमी होत एक. रकान्यात जास्तीत जास्त नऊच, म्हणून हातचा कुठेच येत नाही आणि अंकांचा चढउतार जसाच्या तसा दिसतो. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा जातो आणि चाल मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. म्हणून आपली संख्या या चढउताराच्या मालिकेतली शेवटची.

१, १२१, १२३२१ अशी ही मालिका दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अभ्यासली. त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळाशिक्षक होते. या संख्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो संख्या, कारण कल्पना सुचली ती मुंबईपासून तीस मैलांवरच्या, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनात. लोकल आणि गर्दीच्या बातम्यांपलीकडे डोंबिवलीचं नाव जगभरच्या संख्या सिद्धांतात अशा रीतीने कोरलेलं आहे, हे डोंबिवलीकरांनाही फारसं ठाऊक नसतं. ते ठाऊक व्हायला हवं.

आता रकान्यांकडे या. वर्ग असणं उजवीकडे. चढउतार डावीकडे. पण एक गंमत लक्षात ठेवा: वरच्या उभ्या मांडणीत दहाचा पाया फक्त हातचा टाळण्यापुरता वापरला. दहापेक्षा मोठ्या कुठल्याही पायावर, समजा सोळाच्या, हेच सतरा अंक लिहिले तर संख्या वेगळी होईल, पण तीही त्या पायावरच्या नऊ एकांचा वर्गच असेल.

पायरी ४: मूळ अवयव

सतरा अंकी संख्येचे अवयव शोधण्याचं काम आता नऊ अंकी संख्येवर आलं. नऊ एकं तीन-तीनच्या गटात वाचा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. पुढे १११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भागा: ३३३६६७. एकूण

१११११११११ = ३ × ३७ × ३ × ३३३६६७

आता प्रश्न उरतो ३३३६६७ चा. मूळ आहे की तिलाही अवयव आहेत? वर्गमूळ ५७७ च्या किंचित वर, म्हणून ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. त्या १०६ आहेत. करता येईल, पण इथे डोकं चालवलं तर काम सहापटीने कमी होतं.

समजा p ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते, आणि म्हणून नऊ नवांच्या संख्येलाही भागते. याचा अर्थ १०⁹ ला p ने भागल्यावर बाकी १. दहाचा सर्वांत लहान कुठला घात बाकी १ देतो? तो घातांक ९ चा विभाजक असला पाहिजे: १, ३ किंवा ९. तो १ किंवा ३ असेल तर १००० ला p ने भागल्यावर बाकी १ राहते, मग १००१००१ ची बाकी १ + १ + १ = ३ इतकी येते. ती शून्य व्हायची तर p = ३ हवी. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, ३ ने भाग जात नाही. म्हणून घातांक ९ च. फर्माच्या प्रमेयानुसार दहाचा p − १ वा घातही p ने भागल्यावर बाकी १ देतो, म्हणून हा घातांक p − १ ला भागतो. p विषम असल्यामुळे p − १ सम, म्हणून p − १ ला १८ ने भाग गेलाच पाहिजे.

म्हणजे फक्त १८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या तपासायच्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकशे सहाच्या जागी सतरा. एकेक भागाकार करा. १९ ने बाकी ८, ३७ ने बाकी १, ७३ ने ५७, १०९ ने १८, १६३ ने ६, आणि शेवटी ५७७ ने १६१. कुठेही शून्य येत नाही. ३३३६६७ मूळ आहे.

वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो, म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

दुसऱ्या पायरीतल्या ३⁴ शी आणि ३७ शी जुळतं का, ते बघा. जुळतं. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येणं ही उत्तम पडताळणी.

पायरी ५: विभाजक मोजा, त्यांची बेरीज करा

कुठल्याही विभाजकात ३ शून्य ते चार वेळा, ३७ शून्य ते दोन वेळा, ३३३६६७ शून्य ते दोन वेळा येऊ शकतो. ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. ही संख्या विषम आली, यायलाच हवी: विभाजक जोड्यांनी येतात, फक्त वर्गमूळ स्वतःशीच जोडी लावतं. विभाजकांची संख्या विषम असणं ही वर्गसंख्येची खूणच.

बेरजेसाठी ४५ विभाजक लिहीत बसू नका. प्रत्येक अवयवाचे घात मिळवून गुणाकार करा:

(१ + ३ + ९ + २७ + ८१) = १२१
(१ + ३७ + १३६९) = १४०७
(१ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९) = १११३३४०००५५७

तिन्हींचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. यातून संख्या स्वतः वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा बरेच कमी. ज्यांच्या विभाजकांची अशी बेरीज संख्येइतकीच येते त्या परिपूर्ण, जास्त येते त्या विपुल, कमी येते त्या न्यून. आपली न्यून.

पायरी ६: अवयवांतून आणखी काय निघतं

अवयव हाती आले की नवे प्रश्न विचारता येतात. उदाहरणार्थ, ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ३ आणि ३३३६६७ या दोन्ही मूळ संख्यांना ४ ने भागल्यावर बाकी ३ राहते, त्यामुळे त्यांच्याकडून मदत नाही. पण ३७ ची बाकी १, आणि अशा मूळ संख्येचा वर्ग दोन वर्गांत नेहमी फुटतो: ३७² = १२² + ३५². आता १११११११११ = ३७ × ३००३००३. १२ आणि ३५ या दोघांना ३००३००३ ने गुणा:

३६०३६०३६² + १०५१०५१०५² = १११११११११²

काटकोन त्रिकोणाचा कर्ण नऊ एकांचा, आणि दोन बाजू ३६०३६०३६ व १०५१०५१०५! पायथागोरसचं हे त्रिकूट पहिल्यांदा कागदावर उतरतं तेव्हा खरंच थांबून बघावंसं वाटतं. रकान्याचा विचार इथेही करा: त्रिकूट असणं उजवीकडे, ०३६ ची आवर्तनं डावीकडे.

दुसरं एक नातं डाव्या रकान्यातल्या बेरजेला कामाला लावतं. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणा. ८१ = ९² असल्यामुळे उत्तर (९ × १११११११११)², म्हणजे ९९९९९९९९९². पूर्ण लिहिलं तर ९९९९९९९९८००००००००१.

सरावासाठी

आता याच घराण्यातली धाकटी संख्या घ्या: १२३४५६५४३२१. ती जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात हिचं वर्णन केलं आहे: एकापासून सहापर्यंत चढणारी, मग क्रमाने उतरणारी. सहाही पायऱ्या तिच्यावर करा. वर्गमूळ सहा एकं येईल. त्याचे अवयव ३, ७, ११, १३, ३७. सगळे लहान, म्हणून चौथी पायरी झटपट संपते. विभाजक २४३ निघतील. विभाजकांची बेरीज काळजीने करा: १३ × ५७ × १३३ × १८३ × १४०७ = २५३७५५२४९९३. संख्येची दुप्पट २४६९१३०८६४२. बेरीज दुपटीच्या पुढे गेली, म्हणजे धाकटी विपुल निघाली. विषम विपुल संख्या विरळ असतात. सर्वांत लहान ९४५.

थोरली न्यून आणि धाकटी विपुल का, हे दोघींचे अवयव शेजारी लिहिले की कळेल. त्यानंतर आठ एकांचा वर्ग घ्या, पण त्याचे अवयव मी इथे देत नाही. सुरुवात ११११ × १०००१ पासून करा, आणि १०००१ साठी चौथ्या पायरीतली घातांकाची युक्ती वापरा. या वेळी १८ च्या जागी ८ येईल.